आडातलं पोहऱ्यात आलं; आता कुणाकुणाला सांगायचं?

पत्र :

नमस्कार मॅडम,

मी नाशिकची, वय ५४. मुलगा पुण्यात आयटी कंपनीत आहे. दिवाळीत त्याच्या ऑफिसातल्या पोरांनी मिळून एका लॅबकडून ‘संपूर्ण जीनोम’ तपासणी, म्हणजे सगळ्या जनुकांचं वाचन, करून घेतली. बऱ्यापैकी मोबाईलच्या किमतीत झाली म्हणे. घरी डबी आली, त्यात थुंकी भरून पाठवली. रिपोर्ट आला त्यात बीआरसीए-२ या जनुकात दोष आहे, ‘पॅथोजेनिक’ म्हणजे आजार आणू शकणारा, असं लिहिलंय. त्याने स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो म्हणे. माझी मोठी नणंद २२ वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरने गेली, तेव्हा ती ४१ची होती. म्हणजे हे सासरकडूनच आलंय. तिच्या दोन मुली आहेत, एक न्यू जर्सीला (३७) आणि एक ठाण्यात (३३). जळगावच्या दिरांच्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत आहे. ती २६ची. आता काही बोलले आणि लग्न मोडलं तर खापर माझ्यावर फुटेल. जाऊबाई आयुष्यभर तोंड बघणार नाहीत. मिस्टर म्हणतात, ‘मी तपासणार नाही, तूही कुणाला सांगायचं नाही. लग्न होऊन जाऊ दे.’ नणंदेला केमोसाठी पंचवटीने मुंबईला हेच घेऊन जायचे, तेव्हापासून त्या विषयावर बोलतच नाहीत. मुलगा म्हणतो लपवणं पाप आहे, मी ग्रुपवर टाकतो. त्याला टर्म इन्शुरन्स काढायचाय, तिथे सांगावं लागेल का? धाकटी मुलगी सोळाची आहे, तिचीही तपासणी आत्ताच उरकून घ्यावी का? आणि लॅबकडे गेलेल्या माहितीचं काय? रात्र रात्र झोप नाही.

— एक आई

उत्तर :

ताई,

सगळ्यात आधी चिरंजीवांना थांबवा. सुप्रभातची फुलं आणि लग्नाच्या हॉलचे फोटो यांच्या मधोमध असला रिपोर्ट टाकायचा नसतो. त्याचा हेतू चांगला आहे, तुमच्या घरात सध्या सगळ्यांत सरळ विचार तोच करतोय असंही मला वाटतं. पण ग्रुपवरचा निरोप कुणी कधी वाचला, कुणी पुढे ढकलला, कुणी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता एकटीने वाचला, यातलं काहीच मग आपल्या हातात राहत नाही.

दुसरं म्हणजे, अजून तुमच्या हातात पक्का निकाल नाही. मी तीस वर्षं पॅथॉलॉजीत काढली आहेत, त्यामुळे रिपोर्ट काय म्हणतो ते वाचण्याआधी तो कशावरून काढला हे बघायची खोड लागली आहे. २०१८ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने, लोकांनी हौसेने केलेल्या घरबसल्या तपासण्यांच्या कच्च्या डेटात सापडलेले दोष पुन्हा तपासले, तर त्यातले ४० टक्के मुळात नव्हतेच. तुमच्या मुलाची तपासणी त्यांच्याहून सखोल आहे, म्हणून चुकीची शक्यता कमी. पण डब्यांची अदलाबदल व्हायला यंत्र जुनंच असावं लागतं असं नाही. तेव्हा एनएबीएल (प्रयोगशाळांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या लॅबमध्ये त्याने रक्त द्यावं आणि तोच एक बदल पुन्हा बघून घ्यावा. नेमकं कुठे बघायचं ते माहीत असल्याने ही तपासणी पूर्ण जीनोमपेक्षा बरीच स्वस्तात होते. सोबत जेनेटिक कौन्सेलरची, म्हणजे असे रिपोर्ट समजावून सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाची, वेळ घ्या. टाटा मेमोरियलचं कॅन्सर जेनेटिक्सचं काम परळला आणि खारघरला चालतं; नाशिकहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल.

रिपोर्टातली बाकीची पानं, म्हणजे कॉफी किती सोसते, टक्कल पडेल का, मधुमेहाचा ‘स्कोअर’ किती, ती खुशाल रद्दीत घाला. असले स्कोअर बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवरून बेतलेले असतात. २००३ मध्ये पुरा झालेला मानवी जीनोम प्रकल्प तेरा वर्षं चालला होता आणि त्याला सुमारे २७० कोटी डॉलर लागले होते. आज मोबाईलच्या किमतीत होतं ते फक्त वाचन. वाचलेल्याचा अर्थ सांगणारं माणूस डबीतून येत नाही.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं : ‘म्हणजे हे सासरकडूनच आलंय.’ नणंदेचं वय बघता तसं असण्याचाच संभव जास्त, हे कबूल. पण स्तनाचा कॅन्सर झालेल्या बहुतेक बायकांमध्ये बीआरसीएचा दोष नसतो. आणि हा दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो. पुरुषाच्या अंगात तो कित्येकदा आयुष्यभर गप्प बसून पुढच्या पिढीत उतरतो. तुमच्या माहेरी मावश्या, आत्या, आजोबा कशाने गेले हे कधी विचारलंय का? आपल्याकडे इतके दिवस सगळं खापर सुनेच्या माहेरावर फुटायचं. तुम्ही ते उलटं फोडलंत, एवढाच फरक. तपासणीच्या रांगेत खरं तर पहिला नंबर तुमचा आहे.

पण थांबा, इथे एक गोम आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, आणि मुलाच्या बाबतीत आड दोनच. दोष अगदी क्वचित नव्याने उपजतो, तो अपवाद सोडा. म्हणजे तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, की मिस्टरांनी न केलेला रिपोर्टही त्याच क्षणी वाचला गेला. ‘मी तपासणार नाही’ हा त्यांचा हक्क आहे, आणि तो तुमच्या रक्ताच्या एका नळीने निकालात निघतो. डीएनएच्या रचनेचे एक शोधकर्ते जेम्स वॉटसन यांनी २००७ मध्ये स्वतःचा जीनोम जगापुढे ठेवला तेव्हा एकच जनुक झाकायला सांगितलं होतं. ते होतं अल्झायमरशी नातं असलेलं एपीओई, कारण त्यांच्या आजीला तो आजार झाला होता. लवकरच इतर शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की डीएनएच्या शेजारच्या अक्षरांवरून झाकलेलं जनुक ओळखता येतं. मग आजूबाजूचा भलामोठा पट्टाच काढून टाकावा लागला. नोबेल मिळवलेल्या माणसाची ही गत, तर आपल्या घरात कोण काय झाकणार? म्हणून नळी द्यायच्या आधी मिस्टरांना हे सांगा. परवानगी मागू नका, सांगा. ‘माझं बघितलं की तुमचंही कळणार आहे. ऐकायचं नसेल तर निकाल मी माझ्याजवळ ठेवीन,’ एवढं पुरे.

पुतणीच्या लग्नाने तुमचं अर्धं पत्र व्यापलंय. नणंदेच्या मुली मात्र एका वाक्यात आल्या आणि गेल्या. मला पहिली चिंता त्या दोघींची वाटते.

गणित साधं आहे. दोष तुमच्या सासरचा असेल आणि नणंदेत तो असेल, तर तिच्या प्रत्येक मुलीत तो असण्याची शक्यता दोनात एक. पुतणीचं तसं नाही. आधी दिरांमध्ये असण्याची शक्यता निम्मी, त्यांच्याकडून तिच्यात उतरण्याची पुन्हा निम्मी, म्हणजे चारात एक. हा दोष असलेल्या शंभर बायकांपैकी साठाहून जास्त जणींना आयुष्यात केव्हातरी स्तनाचा कॅन्सर होतो, आणि साधारण १३ ते २९ जणींना अंडाशयाचा. (हे आकडे प्रामुख्याने पाश्चात्त्य घराण्यांवरून काढलेले आहेत, आपल्याकडे ते थोडे इकडेतिकडे असतील.) यावर करण्यासारखं बरंच आहे. पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय, तिशीपासून जोडीला मॅमोग्राफी, मुलंबाळं झाल्यावर चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान अंडाशय काढून टाकण्याचा विचार. तुमची मोठी भाची ३७ची आहे आणि तिची आई ४१व्या वर्षी गेली. ‘लग्न होऊन जाऊ दे’ हे पुतणीपुरतं एखादा महिना चालवून घेता येईल. भाच्यांच्या बाबतीत नाही.

आणि गंमत अशी, की त्यांना सांगायला मुलाच्या रिपोर्टाची गरजही नाही. आई इतक्या लवकर स्तनाच्या कॅन्सरने गेली, एवढ्या एका कारणावर कुठलाही कौन्सेलर त्यांना बोलावून घेईल. तेव्हा दुसऱ्या रिपोर्टाची वाट बघू नका. धाकटीकडे ठाण्याला जा, मोठीला व्हिडिओ कॉल करा, नवरे-सासवा आसपास नसताना. शब्द साधारण असे ठेवा :

‘तुझ्या आईचा आजार घराण्यात उतरणारा असावा, असं आमच्याकडच्या एका तपासणीवरून वाटतंय. अजून पक्कं व्हायचंय. त्यासाठी रक्ताची एक तपासणी असते. करायची की नाही, केव्हा करायची, ते तुझं तू ठरव. माहिती हवी असेल तेव्हा माझ्याकडे माग, मी कागद तयार ठेवते. नको असेल तर मी परत विषय काढणार नाही.’

यातलं शेवटचं वाक्य पाळायचं असतं हं. ‘काय गं, केलीस का तपासणी?’ असं दर रविवारी विचारायचं नाही. आणि ‘एक तपासणी’ कुणाची, हे मुलाने होकार दिल्याशिवाय उघड करू नका. तो देईलच, पण विचारा. पुढे दुसरा रिपोर्ट आला की कौन्सेलरकडून नातेवाइकांसाठीचं पत्र मागून घ्या. त्यात बदलाचं नेमकं नाव असतं, म्हणजे त्यांनाही सगळा जीनोम न उलगडता तेवढंच तपासता येतं.

न जाणण्याचाही हक्क असतो, हे मी वरवर म्हणत नाही. नॅन्सी वेक्सलर नावाच्या अमेरिकन संशोधक आहेत. त्यांच्या आईला हंटिंग्टनचा, म्हणजे मेंदू हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार होता. वेनेझुएलातल्या माराकायबो सरोवराकाठच्या कुटुंबांमध्ये वर्षानुवर्षं काम करून त्यांनी त्या जनुकाचा माग काढायला मदत केली. १९८३ मध्ये त्याचा पत्ता लागला, १९९३ मध्ये ते हाती आलं. ज्या तपासणीसाठी त्यांनी आयुष्य वेचलं, ती त्यांनी स्वतः मात्र करून घेतली नाही. आपल्यालाही तोच आजार आहे हे त्यांनी जगाला सांगितलं ते थेट २०२० साली. त्यांना भित्री म्हणायची कुणाची छाती आहे? पण हंटिंग्टन थोपवायला औषध नव्हतं, त्यामुळे जाणून फक्त वाट बघायची होती. तुमच्या भाच्यांपुढे एमआरआय आहे, शस्त्रक्रिया आहे, वेळ आहे. म्हणून दार वाजवायचं. उघडायचं की नाही ते त्या ठरवतील.

आता जळगाव. जाऊबाईंचा या जनुकाशी रक्ताचा संबंधच नाही, तेव्हा पहिलं बोलणं त्यांच्याशी नव्हे, दिरांशी. आणि शक्यतो मिस्टरांनी, भावाने भावाशी. तेही मुलाचा दुसरा रिपोर्ट हाती आल्यावर. तो लग्नाच्या आधी व्यवस्थित वेळ असताना आला तर आधी. हळद लागायच्या आठवड्यात आला तर पंधरा दिवस थांबल्याने पुतणीचं वैद्यकीयदृष्ट्या काही बिघडत नाही. मात्र वर्षभर दडवलंत आणि तिला दुसरीकडून कळलं, तर ‘काकूला माहीत होतं’ हे ती विसरणार नाही. विसरूही नये.

मुलाकडच्यांना सांगणं तुमचं काम नाही, दिरांचंही नाही. ती सज्ञान आहे. आज तिच्याकडे सांगण्यासारखी गोष्ट आहे ती एवढीच, की चारात एक शक्यता, तीही न तपासलेली. तपासलं आणि दोष निघाला, तर माझ्या मते तिने होणाऱ्या नवऱ्याला सांगावं. सासूला सांगायची गरज नाही. काहीजण हल्ली म्हणतात, पत्रिका कशाला, जीनोम जुळवा. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीत, विदर्भात किंवा नंदुरबारकडे, दोघांची तपासणीची कार्डं बघण्याला अर्थ आहे. कारण आजार होतो तो आईबाप दोघांकडून दोष आला तरच. तिथेही कार्ड दोघांचं असून स्थळ मोडतं ते बहुधा मुलीचं, हे सांगायला नको. बीआरसीएमध्ये तर जुळवण्यासारखं फारसं काही नाहीच. तो एकाच बाजूने उतरतो, आणि मुलाकडच्यांच्या घरात तो नाही हे तरी कुणी तपासलंय?

विम्याचं. आरोग्य विमा आणि टर्म इन्शुरन्स यांची गल्लत करू नका. फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे एका हृदयरुग्णाचं प्रकरण आलं होतं. आजार जनुकीय आहे म्हणून विमा कंपनीने त्याचा दावा फेटाळला होता. ‘जनुकीय विकार’ असं सरसकट लिहून माणसं वगळणं हा भेदभाव आहे, घटनेच्या समानतेच्या कलम १४ ला धरून नाही, असं न्यायालयाने म्हटलं. २०१९ मध्ये विमा नियामक इर्डाईने आरोग्य विम्यातून कोणत्या गोष्टी वगळता येणार नाहीत त्याची यादी काढली, तीत जनुकीय आजार आहेत. टर्म इन्शुरन्सला असं कवच नाही, आणि जनुकांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. मुलाने फॉर्ममध्ये जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्यावं. विचारलेलंच नसेल तर पुरवणी जोडून निबंध लिहायची गरज नाही. पण ‘कुठल्या तपासण्या झाल्या’ असा रकाना असेल तर तिथे हा रिपोर्ट येतो. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीवर हरकत घेता येत नाही, म्हणून ‘खोटं लिहा, तीन वर्षं काढा’ सांगणारे एजंट भेटतील. तीन वर्षं देव पाण्यात घालून बसायचं, आणि मधेच काही झालं तर बायकोपोरांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या? त्याने थोडा जास्त हप्ता भरावा.

भाच्यांना मात्र सांगा, की आयुर्विमा काढायचा विचार असेल तर तपासणीच्या आधी काढा, आईचा आजार विचारला तर खरा लिहून. याला कुणी चलाखी म्हणेल. मी म्हणत नाही. जो रिपोर्ट जन्मालाच आला नाही तो लपवला कसा? न्यू जर्सीच्या भाचीला २००८चा जीना कायदा नोकरीत आणि आरोग्य विम्यात संरक्षण देतो. आयुर्विम्यात तोही देत नाही.

धाकटीची तपासणी : नाही. सोळाव्या वर्षी कळून करण्यासारखं काही नसतं, सगळ्या तपासण्या पंचविशीपासून सुरू होतात. अठरा पूर्ण झाल्यावर तिचं ती ठरवेल. आत्ता उरकली तर तिचा न जाणण्याचा हक्क तुम्ही परस्पर वापरून टाकला असं होईल. बारावी, सीईटी आणि डोक्यावर हे? नकोच.

लॅबकडच्या माहितीबद्दल. ट्वेंटी-थ्री-अँड-मी ही या धंद्यातली सगळ्यात नावाजलेली अमेरिकन कंपनी. २०२३ मध्ये चोरटे तिच्या साधारण चौदा हजार खात्यांत शिरले आणि ‘नातेवाईक शोधा’ या सोयीतून सुमारे ६९ लाख लोकांच्या माहितीपर्यंत पोहोचले. यांतल्या बहुतेकांचा पासवर्ड फुटला नव्हता, फक्त नातेवाइकाचा फुटला होता. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. दुकान बुडालं की उधारीची वही नव्या मालकाकडे जाते, तशी दीड कोटी ग्राहकांची माहिती विक्रीला निघाली. शेवटी ती घेतली सह-संस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेने, पण लिलावात दुसराही बोलीदार होताच. आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार. शिवाय त्यात जनुकीय माहितीला वेगळा दर्जा नाही, आणि मुलाच्या माहितीत तुम्हा सगळ्यांचा वाटा असला तरी कायद्याच्या लेखी ती एकट्या त्याची.

तेव्हा मुलाला आजच बसवा. पूर्ण डेटा उतरवून एका पेनड्राइव्हवर घ्यायचा. मग लॅबला ईमेल : उरलेला नमुना नष्ट करा, संशोधनाला दिलेली संमती मागे घेतो, माझा डेटा पुसा आणि पुसल्याचं लेखी कळवा. संमतीच्या चौकटीत त्याने खूण केली होती का, हे त्याला आठवणार नाही. कुणालाच आठवत नाही.

राहता राहिले मिस्टर. बीआरसीए-२चा दोष असलेल्या पुरुषांना प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो, तोही लवकर आणि जोरात होणारा; त्यांच्यासाठी पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी चाळिशीपासूनच सुरू करायला सांगतात. म्हणजे यात त्यांच्याही जिवाचा प्रश्न आहे. पण सुरुवात त्याने करू नका. ज्या माणसाने बहिणीला केमोसाठी पंचवटीने नेलं आणि आणलं, तो ‘मी तपासणार नाही’ म्हणतो तेव्हा तो जनुकाबद्दल बोलत असेल असं मला वाटत नाही.

कौन्सेलर पहिल्याच भेटीत विचारेल, की नणंदेला नेमका कुठला कॅन्सर होता, कोणत्या बाजूला, गाठीचा रिपोर्ट काय होता. ते कागद बहुधा मिस्टरांच्याच कपाटात असतील, सगळ्यात खालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत. ती फाइल मागा. ते लगेच देणार नाहीत; दिलीच तर बराच वेळ हातात धरून बसतील. बसू द्या. झेरॉक्स काढून झाल्या की मूळ कागद त्यांचे त्यांना परत द्या.